आमच्या प्रेसचं सेफ्टी ऑडिट: माणूस फर्स्टक्लास, अहवाल जेमतेम

वागळे इस्टेटला तळमजल्याच्या गाळ्यात आमची छोटी ऑफसेट प्रेस आहे. मशीनमन, कटिंगवाले काका, दोन हेल्पर, बाइंडिंगच्या बायका आणि हिशेब-डिस्पॅचला मी. एका मोठ्या गिऱ्हाइकाने रिस्क असेसमेंटचा, म्हणजे कामातले धोके तपासून मांडल्याचा, कागद मागितला, म्हणून ठाण्यातल्याच एका सल्लागाराकडे काम दिलं. फी बारा हजार, जीएसटी वेगळा.

आलेले गृहस्थ कारखान्यातून सेफ्टी ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. फॉर्म बॅगेतच ठेवला, कटिंग मशीनशेजारी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "तुमचं चालू द्या." पातं खाली यायला दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबावी लागतात, म्हणजे बोटं पात्याखाली राहूच नयेत. आमच्या जुन्या मशीनचं डावं बटण सेलोटेपने कायमचं दाबलेलं! रोज समोरून जाते मी, पण टेप कधी दिसली नव्हती. साहेब ओरडले नाहीत. "काका, ही कशाला?" काका म्हणाले, "लग्नसराईत पत्रिकांचा ढीग असतो साहेब. एका हाताने माल सरकवला की काम उरकतं." टेप तर निघालीच, पण मशीनला जोडून एक टेबल वाढवायला सांगितलं, म्हणजे माल हाताशी राहतो. शिवाय एखादं बटण आधीपासून दाबलेलं असेल तर पातं हलणारच नाही, अशी वायरिंग करून घेतली. नुसतं 'सावधान' लिहून चिकटवण्यापेक्षा हे लाख पटीने बरं.

फडक्यांचं तर मला माहीतच नव्हतं. ऑफसेटच्या शाईत जवसासारखी सुकणारी तेलं असतात. ती हवेत सुकताना तापतात, आणि पुसलेल्या फडक्यांचा गोळा करून टाकला की उष्णता आत कोंडते. काडी न लावता ढीग पेटू शकतो. आमचा ढीग नेमका थिनरच्या कॅनशेजारी, मागे कागदाच्या रिमा. आता झाकणाचा पत्र्याचा डबा आहे, रोज रिकामा होतो.

मी हौसेने सगळ्यांना हातमोजे आणणार होते. साहेबांनी अडवलं. फिरत्या रोलरजवळ मोजा नकोच, तो हातासकट आत ओढला जातो. मशीन बंद करून थिनरने धुताना मात्र नायट्राइलचे (एक प्रकारचं कृत्रिम रबर) हवेतच. अग्निशमन सिलिंडर रिमांमागे दडला होता, तो दाराजवळ आला. वर्षातून दोनदा, जानेवारी-जुलैत द्यायचा फायरचा फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) आपल्या कामात येत नाही, त्याला लायसन्सधारक एजन्सीच लागते, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. नाहीतर तेवढ्यासाठी वेगळं बिल लावणारे भेटतात.

आता अहवाल. जाडजूड, सगळा इंग्रजीत, आणि निम्मा दुसऱ्या कुणाचा तरी उचललेला. आमच्याकडे ना बॉयलर ना क्रेन, तरी दोन्हींचे धोके मांडलेत! शक्यता गुणिले तीव्रता असे धोक्याचे आकडे आहेत, मोठा आकडा म्हणजे मोठा धोका, पण कटिंग मशीनला सहा आणि जिन्याच्या बल्बला बारा कसे, हे सल्लागाराच्या ऑफिसातल्या मुलीला सांगता आलं नाही. साहेबांनी गाळ्यात बसून जे टिपलं त्यातलं अर्धंच कागदावर उतरलंय. मशीनमनला वाचता येईल असा मराठी तक्ता मागितला, तर वेगळे दीड हजार.

साडेतीन तारे, त्यातले तीन साहेबांचे. बोलवायचं असेल तर गाळ्यावर कोण येणार ते आधी विचारा, आणि मराठी तक्ता त्याच फीत हवा हे कोटेशनवर लिहून घ्या.