माळ्यावरचं पितळ: ठेवायचं की मोडीत द्यायचं?

तूर घरात यायच्या आधी माळा मोकळा हवा, तर पितळी गंजांपासून, म्हणजे मोठ्या पातेल्यांपासून, सुरुवात करा.

ठेवायचा गंज पाण्याने भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवा. सकाळी बुडाखाली ओल दिसली तर तो मोडीचाच. बूड शाबूत असलं तरी आतून कल्हई पाहिजे. नाहीतर ताक, अंबाडीची भाजी कळकते, कारण आंबटाने पितळेतलं तांबं सुटतं. कल्हईवाला गावात फिरकतच नसेल तर त्यात फक्त धान्य भरा.

मोडीत देताना लोखंडी कड्या काढून घरीच वजन करा, घट, म्हणजे वजनातली कपात, किती धरणार ते मोडवाल्याला आधी विचारा. बदल्यात स्टील घेण्यापेक्षा रोख बरी. पितळेचा दर आणि स्टीलचा दर, या दोन दरांच्या घोळात हिशेब कळत नाही. आंदणातला, नाव कोरलेला एखादा गुंड (पाण्याचं भांडं) ठेवा. पाच मात्र नको.