वॉटर लीक सेन्सर घ्यावा का? पावसाळा आणि उन्हाळा काढल्यावरचं मत

फ्लॅटमध्ये राहताय, आरओ बसवलाय आणि सिंकखाली प्लायच्या ट्रॉल्या आहेत, तर एक सेन्सर जरूर घ्या. बाथरूमची ओल पकडायला म्हणून घेणार असाल तर पैसे वाया जातील.

यंत्र साधं असतं. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी, पोटाखाली धातूच्या दोन पिना. दोन्ही पिनांना पाणी टेकलं की सर्किट पूर्ण होतं आणि बझर केकाटायला लागतो. वायफायवाला असेल तर फोनवरही नोटिफिकेशन येतं. म्हणजे पाणी फरशीच्या वर, नेमकं डबीखाली यायला हवं. आणि आपल्या सोसायट्यांमधली भांडणं होतात ती फरशीच्या खालच्या पाण्यावरून! नहाणी ट्रॅपच्या कडेने किंवा भिंतीत दडवलेल्या (कन्सिल्ड) पाइपच्या जॉइंटमधून पाणी कोब्यात मुरतं, खालच्यांच्या छताला पोपडे येतात, वर आपली फरशी मात्र ठणठणीत कोरडी. सेन्सर बिचारा गप्प.

त्यासाठी जुनी रीतच बरी. नहाणी बुजवून बाथरूममध्ये २४ तास पाणी साठवायचं आणि खालून छत बघायचं. आमच्या खालच्या काकांनी डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून शेजारी तारीख घातली होती. दुसऱ्या दिवशी डाग रेघेच्या बोटभर बाहेर. मग वाद कशाचा घालणार? उपविधींप्रमाणे पावसाची आणि बाहेरच्या कॉमन पाइपची गळती सोसायटीच्या माथी, पण संडास-सिंकमधली घरातली गळती संबंधित फ्लॅटवाल्यांनीच बघायची. वॉटरप्रूफिंगचा खर्च ऐकल्यावरच सेन्सरचं खूळ डोक्यात शिरलं हे खरं, पण तो उपयोगी पडला भलतीकडेच.

आमचा आरओ सिंकखाली आहे. त्याची पाव इंची नळी एल्बोमध्ये, म्हणजे वळणाच्या जोडात, नुसती दाबून बसवलेली असते. सर्व्हिसवाला फिल्टर बदलून गेला आणि त्याच रात्री अडीचच्या सुमारास बझर वाजला. सासूबाईंना वाटलं कुकरची शिट्टी. इतक्या रात्री कोण वरण लावतंय म्हणून त्या उठून आल्या. ट्रॉली ओढली तर एल्बोतून बारीक धार, आणि पाणी मागच्या कोपऱ्यातून प्लायच्या कडेकडे चाललेलं. आरओचा कॉक बंद केला, दोन फडकी पिळली, संपलं. सकाळपर्यंत कुणाला कळलं नसतं तर ट्रॉलीचा तळ फुगला असता, आणि फुगलेला प्लाय वाळला तरी पुन्हा सरळ होत नाही. सेन्सरची किंमत त्या रात्रीच वसूल.

दुसरा सेन्सर ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनखाली ठेवला होता. नाव ड्राय, पण ती कोरडी कधी असते? मावशी फरशी पुसायला लागल्या की हा सुरू. 'ताई, हे परत रडतंय बघा,' अशी रोज हाक. शेवटी त्यांनीच तो उचलून मशीनवर ठेवला. मला तेच पटलं: जिथे पाणी वाहून जायला नहाणी आहे, तिथे सेन्सरचं काम नाही. आता तो बाथरूमच्या माळ्यावर, गिझरखाली, फॉल्स सीलिंगच्या वर आहे. तिथे कुणी पुसायला जात नाही.

पावसाळ्यात दमट हवेने उगाच वाजेल अशी भीती होती, तसं झालं नाही. पिनांवर मात्र पांढरट थर धरतो, आमच्याकडे टँकरचं जड पाणी येतं म्हणून असेल. अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसते आणि ओलं बोट लावून वाजतोय ना ते बघते.

फोनवरच्या नोटिफिकेशनवर फार विसंबू नका. आम्ही गणपतीला गावी गेलो तेव्हा वीज गेली, राउटर बंद, सेन्सर सेलवर जिवंत असून मुका. आणि समजा रत्नागिरीत बसून कळलंच, तरी कॉक कोण बंद करणार? शेजाऱ्यांकडे किल्ली असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर निघताना सगळे व्हॉल्व्ह बंद करून जाणं हेच खरं. त्यामुळे आज घेतला असता तर काही शे रुपयांतला नुसता बझरवाला घेतला असता. घरात माणसं असतात, तेवढं पुरतं.

पाणी आपोआप बंद करणारे व्हॉल्व्हही बघितले. परदेशातल्या व्हिडिओत ते झकास दिसतात, कारण तिथे बहुतेक घरांना एकच मुख्य लाइन असते. आमच्या फ्लॅटला गच्चीवरच्या टाक्यांतून स्वयंपाकघराची वेगळी, बाथरूमची वेगळी, फ्लशच्या बोअरच्या पाण्याची आणखी वेगळी लाइन उतरते. प्रत्येकीला मोटर लावायची म्हटली तर खर्चाचा हिशोबच नको. शिवाय आहे त्याच व्हॉल्व्हवर बसणारी मोटर बॉल व्हॉल्व्हचा दांडा फिरवते. डक्टमध्ये आमच्याकडे चाकवाले जुने गेट व्हॉल्व्ह आहेत, तिथे ती बसतच नाही.

त्याऐवजी आरओच्या इनलेटला छोटा यांत्रिक लीक स्टॉपर लावून घेतलाय. त्यातली दाबलेली गोळी भिजली की फुगते आणि पाणी अडवते. वीज नको, वायफाय नको. एकदा अडवलं की गोळी नवी घालावी लागते, म्हणून दोन जादा आणून ठेवल्यात. अजून कसोटीची वेळ आलेली नाही, त्यामुळे त्याबद्दल सध्या इतकंच. फ्लशच्या टाकीची गळती मात्र यातलं काहीच पकडत नाही, कारण ते पाणी सरळ भांड्यात जातं. रात्री टाकीत खायचा रंग टाका आणि फ्लश न करता अर्ध्या तासाने भांडं बघा. रंग उतरला असेल तर आतलं रबर बदलायला झालंय.