मिडल ऑफिसातून ट्रेडिंगकडे: बँकेतूनच की प्रॉप फर्ममधून?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची गणितात हुशार पोरं इंजिनिअरिंग करून बंगळुरूला परदेशी बँकांच्या मिडल ऑफिसात (ट्रेडरच्या सौद्यांची जोखीम आणि नफा-तोटा तपासणाऱ्या विभागात) लागतात आणि दोन-तीन वर्षांत त्यांना ट्रेडिंगचे वेध लागतात. (घरच्यांच्या लेखी ती पहिल्या दिवसापासूनच 'शेअर बाजारात' असतात.)

बँकेतूनच जायचं तर तुम्ही बसता कुठे, यावर सगळं ठरतं. रोजचा नफा-तोटा उलगडणाऱ्याचं ट्रेडरशी रोज बोलणं होतं: कालच्या नफ्यात डेल्टाचा (भाव हलल्याचा) वाटा किती, व्हेगाचा (बाजाराची अस्थिरता बदलल्याचा) किती, आणि कशातच न बसणारा उरलेला आकडा आला कुठून? तो आकडा नेमका पकडून दिलात की डेस्कवर नाव होतं. मॉडेल व्हॅलिडेशनवाल्याला, म्हणजे किंमत आणि जोखीम काढायची गणिती मॉडेलं तपासणाऱ्याला, ही सोय कमी, कारण त्याला मुद्दाम डेस्कपासून लांब ठेवतात. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हनं 2011 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही तपासणारा मॉडेल बनवणाऱ्यापासून स्वतंत्र असावा असंच म्हटलं होतं. शिवाय बरेचदा बुक (ट्रेडरकडचे सगळे सौदे) लंडन किंवा हाँगकाँगला असतं, त्यामुळे आधी डेस्क क्वांट (ट्रेडरसाठी मॉडेलं बनवणारा), मग बदली, असा लांबचा वळसा पडतो.

प्रॉप फर्मला, म्हणजे स्वतःच्याच पैशावर ट्रेडिंग करणाऱ्या कंपनीला, तुमच्या व्हॅल्यू-ॲट-रिस्कच्या (किती तोटा होऊ शकतो याच्या अंदाजाच्या) अहवालांचं फारसं कौतुक नाही. तिथे संभाव्यतेची कोडी, तोंडी हिशोब, सी प्लस प्लस किंवा पायथन. बोनस नफ्यावर, आणि तोटा लांबला तर नारळ.

माझं मत विचाराल तर नफा-तोट्याच्या टीमवाल्यानं बँक सोडायची घाई करू नये. व्हॅलिडेशनवाल्याचा कोडिंगचा हात चांगला असेल तर त्यानं प्रॉपच्या मुलाखती लवकर द्याव्यात. तिथे नवख्यांनाच पसंती जास्त.