स्काउट पथकासाठी पहिला मुक्कामी ट्रेक: हरिश्चंद्रगड की राजगड-तोरणा?

पाठीवर तंबू आणि शिधा घेऊन मुलं पहिल्यांदाच निघणार असतील, तर माझं मत हरिश्चंद्रगडाला, तेही पाचनईच्या वाटेने. वाट मळलेली, गावात जेवणाची सोय, आणि कुणाचा पाय मुरगळला तर आल्या वाटेने खाली आणता येतं. धास्ती एकच, कोकणकडा. तिथे कड्यापासून किती लांब थांबायचं हे निघण्याआधी ठरवा. सेल्फीचा मोह मोठ्यांनाही आवरत नाही, मुलांचं काय सांगावं! गड अभयारण्यात येतो, म्हणून मुक्कामाबद्दल वनखात्याशी आधीच बोलून घ्या.

राजगड-तोरणा हे खरं दमसासाचं काम. राजगडाच्या संजीवनी माचीकडून उतरलात की तोरण्यापर्यंत लांबलचक डोंगरधार, सावली तुरळक, पाण्याचा भरवसा नाही. प्रत्येकाकडे किमान तीन लिटर हवंच. तोरण्याच्या बुधला माचीशी चढणीवर दमलेली मुलं नेमकी घसरतात, म्हणून एक अनुभवी मोठा माणूस शेवटी ठेवा. मध्येच परतणं अवघड. गाडीचंही त्रांगडं: सोडायची गुंजवण्यात, बोलवायची वेल्ह्यात.

मात्र वर्षभर चालण्याचा सराव केलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हरिश्चंद्रगड सोपा वाटेल. त्यांना डिसेंबरात राजगड-तोरण्यालाच न्या.