काटा हलत नव्हता आणि मी खूश होतो

आधी आकडा सांगतो: १,१२,४०० रुपये. तेही २००९च्या डिझेल इंडिकावर. गाडी विकली असती तर याच्या निम्मेही आले नसते, हे घरातल्या प्रत्येकाने एकेकदा आणि मेव्हण्याने चारदा ऐकवून झालंय. पण गेल्याच वर्षी पुढच्या पाच वर्षांचं पासिंग करून घेतलं होतं, पत्र्याला गंज नव्हता, गाडी फक्त धूर मारायची आणि ऑइल प्यायची. इंजिन काम केलं की पाच वर्षं निघतात, हा हिशोब चुकीचा नव्हता. माणूस चुकीचा निघाला.

वर मी आयटीआय फिटर. एकतीस वर्षं कारखान्यात पंप खोलले आणि जोडले. आणि मला गंडवलं ते पाण्याच्या पंपावर. हसा.

गॅरेज कुर्ल्याच्या बाजूला एका गल्लीत. ओळखीतूनच गेलो होतो, रस्त्यावरून उठून नाही. "काका, फुल इंजिन करू, टेन्शन संपलं." ५८,५०० ठरले. ३०,००० ॲडव्हान्स, तोही कुणा तिसऱ्याच्याच नंबरवर, बाकीचे २८,५०० रोख. हातात लेटरपॅडचा कागद: पिस्टन-रिंग ११,४००, हेड फेसिंग (इंजिनाचं वरचं झाकण घासून सपाट करणं) २,८००, पाण्याचा पंप २,६५०, कूलंट ९००, खाली मजुरी वगैरे. जीएसटी नंबर नाही. पक्कं बिल हवं तर म्हणे वरून १८ टक्के, म्हणजे १०,५३०. ते मी वाचवले.

गाडी मिळाली तेव्हा इंजिन नुसतं चमकत होतं. बाहेरून सिल्व्हर रंग मारलेला. रंग कशाला, असं विचारायला हवं होतं. आणि जुने पार्ट मागायला हवे होते, त्याच दिवशी, तिथेच उभं राहून. "भंगारात गेले काका" हे ऐकलं की उरलेले पैसे खिशातच ठेवा.

तिसऱ्या दिवशी पवईच्या सिग्नलला हीटचा काटा लाल पट्टीत. गॅरेजवाला म्हणाला, नवीन इंजिन टाइट असतं, हजार किलोमीटर हीट घेणारच, चाळीस-पन्नासने चालवा. यात चिमूटभर खरं आहे, म्हणून तर गळी उतरलं. नव्या रिंगा बोअरमध्ये घासून बसेपर्यंत इंजिन थोडं जास्त तापतं. पण थोडं! ते जास्तीचं तापणं झेलायलाच रेडिएटर, पंप आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारी झडप) असतात. काम केलेलं इंजिन लाल पट्टीत जात असेल तर काम चुकलंय किंवा झालेलंच नाही.

दुसऱ्या फेरीला "एअर धरली होती, काढली." तिसऱ्या फेरीला "रेडिएटर चोक आहे," त्याचे वेगळे ३,२००. त्या वेळी गाडी दिवसभर ठेवून घेतली, आणि संध्याकाळी काटा पार खाली. घरी भांडुपला येईपर्यंत जागचा हलला नाही. मी त्या पोराला शंभर रुपये चहापाण्याला दिले होते. हे शंभर वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

गणपतीला दोन दिवस असताना गावाला निघालो. मागे मखराचं सामान, पुढे मंडळी. कर्नाळ्याच्या चढाला ती म्हणाली, "अहो, हा काटा मेलाय का? हलतच नाही." आणि मी तिला सांगितलं, "याला म्हणतात काम." शब्द न् शब्द आठवतो, कारण तिलाही आठवतो. कारखान्यात शिकाऊ पोरांना मीच शिकवायचो की मशीन चालू आहे आणि गेज शून्यावर आहे, तर आधी गेजवर संशय घ्या. इंजिन तापायलाच हवं. थर्मोस्टॅट ऐंशीच्या वर कुठेतरी उघडतो, काटा मध्याच्या आसपास येतो आणि तिथेच थांबतो. भर दुपारी, चार माणसं घेऊन, चढावर काटा तळाला म्हणजे काटा खोटं बोलतोय. मला हे माहीत होतं. पण मला ते माहीत असायला नको होतं, कारण ६१,७०० गेले होते.

माणगावच्या जाममध्ये बॉनेटमधून वाफ आली. ऑइलची स्टिक ओढली तर टोकाला चहाच्या सायीसारखं काहीतरी लोंबत होतं. हेडखालचं पॅकिंग गेलं, पाणी ऑइलमध्ये. (गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका. शेजारच्या गाडीतला एक जण मदतीच्या भरात उघडायला निघाला होता, त्याचा हात मी धरला.) भांडुपपर्यंत टोइंगचे ९,०००. गणपतीला आम्ही एसटीने, उभ्याने.

इथल्या मिस्त्रीने माझ्यासमोर इंजिन खोललं. हेडला फेसिंगची खूणच नाही, जुना काळा डाग जसाच्या तसा. त्यावर सरळपट्टी ठेवली तर खालून फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पाती सहज आरपार; हेड वाकडंच. बोल्ट जुनेच. पंपाची पाती गंजून अर्धी, म्हणजे इंजिन चालू ठेवून गाडी उभी असताना पाणी पुरेसं फिरणारच नाही. कूलंटच्या जागी नळाचं गढूळ पाणी. थर्मोस्टॅटचं घर रिकामं. फॅन डायरेक्ट, म्हणजे गरज असो-नसो सतत फिरणारा. आणि हीट सेन्सरची वायर कापून, टोकाला काळी टेप गुंडाळून, बाकीच्या वायरींमागे नीट खोचलेली. एवढी सफाई त्याने इंजिनात दाखवली असती तर! पुन्हा खर्च ४१,७००, या वेळी पक्कं बिल.

गॅरेजवाला आता फोन उचलत नाही. चौकीत गेलो तर पहिलं वाक्य, "हे सिव्हिल मॅटर आहे." कापलेली वायर दाखवली. "गाडी तुमच्याच ताब्यात आहे ना?" आहे, साहेब. "मग फसवणूक कसली?" दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तात, विसर्जनानंतर या. विसर्जनानंतर गेलो, नवरात्रानंतर या. अर्ज ठेवून घेतला, पण पोच द्यायला शिक्का सापडेना, आणि शिक्का टेबलावर माझ्या समोर होता! ४२०चं कलम १ जुलै २०२४ पासून ३१८ झालं, आकडा पाठ करून गेलो होतो, काय उपयोग? "एवढं कळतं तर कच्चं बिल का घेतलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या एका कार्यालयात तीन खिडक्या फिरवल्या आणि चौथीवर सांगितलं की गॅरेजेस आमच्याकडे येत नाहीत. कुणाकडे येतात? ते म्हणे चौकशी खिडकीला विचारा. चौकशी खिडकीवर जेवणाची सुट्टी.

ग्राहक आयोगाकडे जायला मात्र दोन वर्षांची मुदत असते. २०१९च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. ऑनलाइन ट्रान्सफर, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, दुसऱ्या मिस्त्रीचं लेखी निदान, काही म्हणजे काही डिलीट करू नका. त्या ३०,०००चीच नोंद माझ्याकडे आहे. रोखीचे २८,५०० हवेत गेले.

हेड लेथवाल्याकडे जाईल तेव्हा सोबत जा. त्याची पावती वेगळी घ्या. आणि गाडी ताब्यात घेताना अर्धा तास जागेवर चालू ठेवून काटा वर येताना बघा, मग फॅन आपोआप लागतो का, बंद होतो का. मालक चहा पाजेल. पिऊ नका, काट्याकडे बघा.

तक्रार परवा भरली. जुना पंप, बोल्ट आणि टेप लावलेली ती वायर गॅलरीत गोणीत आहे. मंडळी रोज विचारते, हे भंगार कधी जाणार.