हार्ट रेट अलर्टवाला बँड, पावसाळ्यापासून वापरतेय, माझा अनुभव

मनगटावरचा फिटनेस बँड घेऊन आता बरेच महिने झाले, मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतला होता आणि आता उन्हाळा लागलाय, म्हणजे आता लिहायला हरकत नाही. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला पावलं, झोप, स्क्रीनचे रंग यातलं काही सांगायचं नाहीये, फक्त हार्ट रेट अलर्टबद्दल सांगायचंय आणि तो थोड्याफार फरकाने हल्ली बऱ्याच बँडमध्ये असतो. मी ४७ वर्षांची, राहायला ठाण्यात वर्तकनगरला, ऑफिस घणसोलीला. एक बँड मला घेतला आणि एक बाबांना, ते ७४ चे, कोपरीला दादाकडे असतात.

माझं मत आधीच सांगून टाकते. अलर्ट खूप कामाचा आहे, आणि त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे "तुम्ही स्वस्थ असताना" ही अट. जिना चढलात, भाजीच्या पिशव्या उचलल्यात, गाडी पकडायला धावलात तर ठोके वाढणारच, वाढायलाच हवेत. अलर्ट येतो तो साधारण दहा मिनिटं तुमची हालचाल नाही आणि तरीही ठोके तुम्ही लावलेल्या मर्यादेच्या वर आहेत तेव्हा. ॲपलच्या घड्याळात वरची मर्यादा आधीपासून १२० लावलेली असते आणि खालची ४०, दोन्ही बदलता येतात. आमच्या बँडमध्ये तर हा अलर्ट बंदच येतो, आपण आत जाऊन चालू करायचा, आणि सोबत सतत मोजणी दर मिनिटाला अशी ठेवायची. ती दर अर्ध्या तासाला ठेवली तर मधली दहा मिनिटं त्याला दिसणार कशी. ओळखीतल्या दोघीतिघींचं असंच झालं होतं, अलर्ट चालू आणि मोजणी अर्ध्या तासाने, आणि म्हणायच्या की मला कधी काही येतच नाही.

मर्यादा किती लावायची हा पहिला प्रश्न. मोठ्या माणसाचे बसल्या जागी ६० ते १०० ठोके नॉर्मल धरतात, नियमित पळणाऱ्यांचे चाळीस-पन्नासही असतात. पण १०० लावून टाकलं तर चहा पिऊन बसलं तरी बँड थरथरेल आणि १५० लावलं तर कशालाच थरथरणार नाही. मी पहिला आठवडा काहीच न लावता नुसतं बघितलं. माझे सकाळी उठल्या उठल्या ८२-८४ असायचे, ऑफिसात बसून ९० च्या आसपास. मग ११० लावलं.

आणि अलर्ट यायला लागले, ते पण रोज एकाच ठिकाणी. ठाणे स्टेशनला रिक्षातून उतरायचं, पूल चढून ट्रान्स हार्बरच्या, म्हणजे घणसोलीकडे जाणाऱ्या लोकलच्या, प्लॅटफॉर्मवर यायचं, गाडी तिथूनच सुटते त्यामुळे बसायला जागा मिळते, आणि मी बसले, गाडी सुटली, ऐरोली यायच्या सुमारास मनगटावर थरथर. ११४, ११६. म्हणजे पूल चढून दहा मिनिटं झाली, मी पंख्याखाली बसलेय, आणि ठोके खाली यायचं नाव नाही. आमच्या ट्रेनच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीकडे असाच बँड आहे, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, तोच पूल माझ्यासोबत चढते, तिचे ठोके ऐरोलीच्या आधीचं दिघा स्टेशन यायच्या आत नव्वदच्या खाली आलेले असायचे. दोन बँड शेजारी शेजारी धरून बघितले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे डॉक्टरांना दाखवायला हवं. दम लागायचा तो आधीपासूनच, पण घरात काय, ऑफिसात काय, सगळे एकच सांगायचे की वजन कमी कर आणि वय झालं आता.

नौपाड्यातल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बँडचा ग्राफ बघितला पण लगेच बाजूला ठेवला आणि स्वतः मनगट धरून पूर्ण मिनिटभर नाडी मोजली. मग खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, आणि विचारलं, "ताई, पाळीला अंगावरून जास्त जातंय का?" जात होतं, वर्षभर तरी. ईसीजी काढला, लय व्यवस्थित, फक्त वेग जास्त. रक्त तपासायला दिलं, सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी), थायरॉईड, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा). थायरॉईड ठीक निघालं. हिमोग्लोबिन ९.१. बाईचं १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया, म्हणजे रक्तक्षय, धरतात, आणि ९ म्हणजे मध्यम प्रकारचा. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिनच कमी, मग तेवढाच ऑक्सिजन शरीरभर पोचवायला हृदयाला जास्त वेळा पंप करावं लागतं, त्यामुळे बसल्या जागी ठोके जास्त आणि जिना चढला की लवकर खाली येत नाहीत. इतकं सरळ आहे.

हे मी एवढं सविस्तर लिहितेय कारण आपल्याकडे हे घराघरात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया आढळला होता. ५७! म्हणजे लेडीज डब्यात एका बाकावर बसलेल्या आम्ही बायका घेतल्या तर निम्म्याहून जास्त. आणि सगळ्यांना वाटतं की दम लागतो, थकवा येतो, हे असंच असतं, घर आणि नोकरी दोन्ही करायचं म्हटल्यावर. बँडला ॲनिमिया कळत नाही, तो फक्त म्हणाला की ही बाई बसलीये आणि हिचे ठोके जास्त आहेत. पण ते रोज, त्याच जागी, वेळ टाकून म्हणाला, त्यामुळे मी डॉक्टरांना "कधी कधी धडधडतं" असं गुळमुळीत सांगण्याऐवजी "पूल चढून दहा मिनिटं बसल्यावरही ११४ असतात" असं सांगू शकले.

नंतर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सोनोग्राफी वगैरे झालं, त्यावरचे उपचार चालू आहेत, ते इथे लिहीत नाही. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या आणि गोळीच्या आधी-नंतर तासभर तरी चहा नाही, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. ती चहाची अट मला सगळ्यात जड गेली. बँडवरची सकाळची रेघ हळूहळू खाली येत गेली, दिवाळीच्या सुमाराला ७८, आता ७२-७३. ट्रेनमधला अलर्ट कधी बंद झाला ते लक्षातही आलं नाही. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या वर आलंय, आणि खरा पुरावा तोच.

आता बँड कुठे कमी पडतो ते.

रिक्षात आणि टीएमटीच्या बसमध्ये काही उपयोग नाही. वर्तकनगर ते स्टेशन रस्ता जिथे जिथे खोदलाय तिथे बँड माझी पावलं मोजतो, बसल्या बसल्या! हालचाल आहे असं समजला की तो स्वस्थपणाचा अलर्ट देणारच नाही. त्यामुळे ज्यांचा रोजचा तासभर घोडबंदर रोडवर बसमध्ये जातो त्यांनी त्या तासाच्या आकड्यांवर जाऊ नये. उलट उपवनला तलावाभोवती भरभर चालताना तो कधी कधी पावलांचीच लय नाडी म्हणून धरतो, मिनिटाला ११५ पावलं आणि ठोके पण ११५, असं जुळलेलं दिसलं की थांबून बोटांनी नाडी मोजायची.

बांगड्या. ह्यावर कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. आतून हिरवा लाईट कातडीवर पडतो, रक्त तो शोषून घेतं, प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त किंचित वाढतं तसा परत येणारा उजेड किंचित कमी होतो, त्यावरून मोजणी. म्हणजे बँड कातडीला चिकटून बसायलाच हवा, मनगटाच्या हाडाच्या एक बोटभर वर. बांगड्या घातल्या की त्या बँडला ढकलत राहतात, फट पडते आणि मग ५८ वरून थेट १३० असले आकडे येतात. बांगड्या एका हातात आणि बँड दुसऱ्या हातात हाच उपाय. गोंदलेलं असेल तर त्या जागी घालू नये, शाई उजेड अडवते, आमच्या आजीच्या पिढीच्या बायकांच्या हातावर गोंदण असतंच. पावसाळ्यात पट्ट्याखाली पाणी आणि घाम राहून मला पुरळ आलं होतं, तेव्हापासून घरी आले की काढून पुसून ठेवते, रात्री परत घालते. चार्जिंग कंपनी म्हणते त्याच्या निम्मं टिकतं दर मिनिटाच्या मोजणीवर, ते मला चालतं.

तापात काय होतं तेही लिहिते. ऑगस्टमध्ये घरात सगळ्यांना व्हायरल झाला, तेव्हा झोपून असतानाही दिवसभर अलर्ट येत होते. ताप एक डिग्री सेल्सिअस चढला की ठोके साधारण दहाने वाढतात, तेव्हा ते अलर्ट खोटे नव्हते, फक्त त्यांचं कारण माहीत होतं. पाणी कमी पडलं, झोप झाली नाही, दम्याचा पंप घेतला, तरी वाढतात. डॉक्टरांकडे जाताना ही माहिती पण सोबत न्यावी.

बाबांचं प्रकरण एकदम उलटं. त्यांना बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू आहे, ती गोळी ठोके कमीच करते. दादाने खालची मर्यादा ५० लावली होती आणि पहिल्या रात्रीपासून पहाटे तीन-चारला थरथर. बाबांचा फोन, "अगं हे मला झोपू देत नाही, काय झालंय का मला?" ४७, ४८ असे आकडे. त्यांच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, बीपी बघितलं आणि सांगितलं की ह्या गोळीवर गाढ झोपेत एवढे असू शकतात, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, एकदम अशक्तपणा किंवा बेशुद्ध पडणं असं काही झालं तर लगेच या, आणि मनाने गोळी बंद करायची नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण आकडा बघून बाबा गोळी अर्धी करायच्या विचारात होतेच. मर्यादा डॉक्टरांना विचारूनच ४० केली. शिवाय अशी गोळी चालू असताना वरचा अलर्ट फारसा येणारच नाही, म्हणून तो आला नाही म्हणजे सगळं ठीक असंही धरू नका.

एक गोष्ट सोसायटीतल्या काकूंना पण समजावली. ह्या बँडला हार्ट अटॅक कळत नाही, महागातल्या ईसीजीवाल्या घड्याळांनाही कळत नाही, तसं त्यांच्या कंपन्याच लिहितात. अटॅकमध्ये ठोके अगदी ८० पण असू शकतात. छातीत दाब, जबडा किंवा हात दुखणं, दरदरून घाम, अचानक धाप, असं झालं तर मनगटाकडे बघत बसायचं नाही, १०८ लावायचा. काकूंचा त्रास वेगळा होता, त्या दर पाच मिनिटांनी आकडा बघायच्या, आकडा बघून घाबरायच्या आणि घाबरल्या की आकडा वाढायचा. त्यांच्या बँडवरून ठोक्यांचा स्क्रीनच मी काढून टाकला, अलर्ट तेवढा चालू ठेवला. आता बऱ्या आहेत. ज्यांना मुळातच फार काळजी वाटते त्यांच्या घरच्यांनी हे जरूर करून द्यावं.

दादाचं आता चाललंय की बाबांना ईसीजीवालं घड्याळ घेऊ, जे अनियमित लय पण पकडतं. विचार चांगला आहे, म्हातारपणी एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची लय अनियमित होण्याचा आजार) असेल तर रक्ताची गुठळी होऊन पॅरालिसिसचा धोका वाढतो, आणि साध्या बँडला वेग कळतो, लय नाही. ॲपलच्या घड्याळावर स्टॅनफर्डने मोठा अभ्यास केला होता, २०१९ मध्ये छापून आला, ४ लाख १९ हजार लोक, त्यातल्या जेमतेम अर्धा टक्का लोकांना अनियमित नाडीची सूचना आली, आणि त्यांच्यापैकी ज्यांनी नंतर छातीवर पॅच लावून तपासणी केली त्यातल्या ३४ टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. हे येतं-जातं, त्यामुळे उरलेल्यांची सूचना खोटीच होती असं नाही, पण नुसत्या सूचनेवर निदान होत नाही हे दिसतंच. बाबांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले घ्यायचं तर घ्या, पण घड्याळावर बोट ठेवून तीस सेकंदांचा ईसीजी निघतो, त्या तीस सेकंदांत गडबड असली तरच दिसणार, सध्या लय नीट आहे, धडधड जाणवायला लागली तर आपण २४ तासांचा होल्टर, म्हणजे दिवसभर अंगावर ठेवून ईसीजी नोंदवणारं यंत्र, लावू. दादा तरी सेलची वाट बघतोय. मी त्याला म्हटलंय की आधी बाबांच्या बीपी मशीनचा कफ बदल, त्याचं वेल्क्रो सुटतंय आणि रोजचं रीडिंग आपण त्यावरूनच लिहून ठेवतोय.