हायब्रिड, डिझेल की साधं पेट्रोल? नव्या एसयूव्हीचं रस्त्यावरचं ॲव्हरेज

मध्यम आकाराची नवी एसयूव्ही घ्यायला निघालात की कागदावर हे आकडे समोर येतात. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि तिची जुळी बहीण टोयोटा हायरायडर, स्ट्राँग हायब्रिडमध्ये (पेट्रोल इंजिनसोबत बॅटरी आणि गाडी एकटी ओढू शकणारी विजेची मोटर) लिटरला २७.९७ किलोमीटर. ह्युंदाई क्रेटा डिझेल मॅन्युअल २१.८, ऑटोमॅटिक १९.१. क्रेटाचंच साधं दीड लिटर पेट्रोल १७.४ आणि टर्बो, म्हणजे जास्त हवा कोंबून जास्त ताकद काढणारं इंजिन, १८.४. ग्रँड व्हिटारा सीएनजी किलोला २६.६.

हे आकडे खोटे नाहीत. ठरलेल्या चाचणीत गाडी खरोखर तेवढं देते. पण ती चाचणी रोलरवर होते, एसी बंद ठेवून, आणि तिच्यात वेग ९० च्या वर जातच नाही. चढ नाही, खड्डे नाहीत, मागच्या सीटवर तीन माणसं नाहीत. सगळ्या गाड्यांची घसरण सारखी झाली असती तर प्रश्नच नव्हता, आकडे सरसकट वीस टक्क्यांनी कमी केले असते. तसं होत नाही. कोणती गाडी किती घसरते हे तुमचा रस्ता ठरवतो. क्रेटाचीच दोन पेट्रोल इंजिनं बघा. कागदावर टर्बो पुढे आहे, पण गर्दीत सारखा ॲक्सिलरेटर दाबला की तीच साध्या इंजिनापेक्षा जास्त पेट्रोल पिते.

आधी शहराचं बोलू, कारण फरक इथे सगळ्यात मोठा आहे. घोडबंदर रोड किंवा हिंजवडीची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. साधी पेट्रोल एसयूव्ही एसी लावून नुसती उभी राहिली तरी तासाला साधारण लिटरभर पेट्रोल जातं. स्ट्राँग हायब्रिडचं इंजिन अशा वेळी बंद असतं. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर नसून विजेवर चालतो, त्यामुळे आतला गारवा तसाच राहतो. बॅटरी उतरली की इंजिन थोडा वेळ सुरू होतं, ती भरतं आणि पुन्हा गप्प बसतं. रांगेत गाडी पुढे सरकते ती मोटरवर, आणि ब्रेक दाबला की ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत जातो. म्हणून शहरात हायब्रिड लिटरला २० ते २४ देते, साधं पेट्रोल १० ते १२ वर अडकतं आणि डिझेल १३ ते १५ पर्यंत जातं. मालकांच्या तोंडून साधारण हेच आकडे ऐकू येतात.

मात्र एक खबरदारी घ्या. 'स्मार्ट हायब्रिड' किंवा 'माइल्ड हायब्रिड' असं लिहिलेली गाडी ही ती गाडी नव्हे. तिची मोटर इंजिनला थोडा हातभार लावते, गाडी एकटी ओढू शकत नाही. रांगेत ती साध्या पेट्रोलसारखीच वागते. शोरूममध्ये दोन्ही एकाच दमात सांगितल्या जातात, म्हणून नीट विचारून घ्या.

हायवेवर चित्र पालटतं. एका वेगाने गाडी चालू असली की मोटरला फारसं काम उरत नाही आणि हायब्रिड म्हणजे तीन सिलिंडरचं दीड लिटर पेट्रोल इंजिन एवढंच शिल्लक राहतं. इंजिन काटकसरी आहे, ८०-९० ला अजूनही छान ॲव्हरेज देतं. पण समृद्धी महामार्गावर १२० ची मुभा आहे, आणि हवेचा अडसर वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० वरून १२० वर गेलात की तो जवळजवळ पावणेदोन पट होतो. उंच, रुंद तोंडाच्या एसयूव्हीला हे फार जाणवतं. चार माणसं, भरलेली डिकी आणि १२० चा काटा असेल तर हायब्रिड १७-१८ पर्यंतही खाली येऊ शकते, आणि इंजिनचा आवाजही केबिनमध्ये येऊ लागतो. क्रेटाचं डिझेल इथे घरच्या मैदानावर असतं. २५० एनएमचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, कमी आरपीएमलाच (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्या) मिळतो, सहाव्या गिअरमध्ये इंजिन निवांत फिरतं, आणि शंभराच्या आसपास १९ ते २१ निघतात. महिन्यातून तीन-चार वेळा नागपूर-मुंबई किंवा पुणे-कोल्हापूर करणाऱ्याने हायब्रिडच्या २७.९७ ला भुलू नये.

घाटाबद्दल एक गैरसमज सारखा ऐकू येतो: उताराला बॅटरी फुकट भरते, म्हणजे घाटात हायब्रिडचा फायदाच फायदा. हिशेब करून बघू. माणसं-सामानासह सोळाशे किलोची गाडी खंडाळ्याहून खोपोलीला उतरते, म्हणजे जवळजवळ पाचशे मीटर खाली येते. त्यात दोन युनिटांहून जास्त ऊर्जा मोकळी होते. त्यातली काही हवेत आणि टायरांत जाते. उरलेली साठवायला या गाडीच्या बॅटरीत जागा आहे ०.७६ किलोवॅट-अवर, म्हणजे पाऊण युनिट, आणि तीही सगळी वापरायला मिळत नाही. घाट संपायच्या आधीच बॅटरी भरते आणि पुढची ऊर्जा वाया जाते. चढाला मात्र साठवलेली वीज लवकर संपते आणि सगळा भार इंजिनवर येतो. रोज छोटे चढउतार असणाऱ्या गावात हायब्रिड उत्तम चालते. लांब, सलग घाटात डिझेल जास्त सुखाचं.

मग डिझेलच घ्यावं का? रोजचं अंतर पाच-सहा किलोमीटर असेल तर अजिबात नाही, आणि हे मी फार आग्रहाने सांगतो. बीएस-६, म्हणजे सध्याच्या प्रदूषण नियमांच्या, डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारी डीपीएफ नावाची गाळणी असते. काजळी जाळायला तिला बरंच तापमान लागतं, आणि ते मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं सलग गाडी पळवली तरच मिळतं. नुसत्या शाळा-बाजाराच्या फेऱ्यांत ती तुंबते, मग गाडी ती साफ करण्यासाठी जास्तीचं डिझेल जाळते आणि ॲव्हरेज आणखी पडतं. शिवाय महाराष्ट्रात डिझेल गाडीचा रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त आहे. दहा ते वीस लाखांच्या गाडीला पेट्रोलवर १२ टक्के, डिझेलवर १४. पंधरा लाखांच्या गाडीवर हे तीस हजार रुपये पहिल्याच दिवशी जातात.

आता पैशांचा हिशेब. हिशेबापुरतं पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरू, तुमच्या पंपाचा भाव तुम्ही घाला. वर्षाला १२,००० किलोमीटर आणि तेही बहुतेक शहरात, असं असेल तर ११ च्या ॲव्हरेजने साध्या पेट्रोलचा खर्च सुमारे १ लाख १३ हजार, १४ ने डिझेलचा ७८ हजार, २२ ने हायब्रिडचा ५७ हजारांच्या आत. साध्या ऑटोमॅटिक पेट्रोलपेक्षा हायब्रिड तीन लाखांनी महाग पडत असेल, तर ते पैसे साडेपाच वर्षांच्या आत वसूल होतात. हायब्रिड बॅटरीवर आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, म्हणजे वसुली वॉरंटीच्या आतच होते. पण रनिंग निम्मं, वर्षाला ६,००० असेल, तर त्याच तीन लाखांना दहा वर्षांहून जास्त लागतील. अशा घराने साधं पेट्रोल घ्यावं, उरलेले पैसे बाजूला ठेवावेत, आणि ॲव्हरेज ११ मिळालं म्हणून जीव जाळू नये.

पेट्रोलवाल्यांनी, हायब्रिडवाल्यांनीही, एक गोष्ट धरून चालावी. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं ई२० मिळतं. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे जुन्या गाडीचं ॲव्हरेज आठवून नव्याची तुलना केलीत तर नव्या गाडीवर अन्याय होईल.

सीएनजी रुपयांत बऱ्याचदा सगळ्यात स्वस्त पडते आणि रोड टॅक्सही कमी. पण ग्रँड व्हिटाराचं सिलिंडर डिकी खातं, ताकद ८८ पीएसच्या आसपास उतरते, आणि भरल्या गाडीत घाट चढताना ते कळतं. मारुतीच्याच व्हिक्टोरिसमध्ये सिलिंडर गाडीखाली गेलंय, डिकी वाचते. तुमच्या वाटेवर पंप असेल आणि रांगेचा वेळ परवडत असेल तर विचार करा, नाहीतर नको.

निर्णयाआधी टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या ठरलेल्या चक्करवर घेऊ नका. ट्रिप मीटर शून्य करून, एसी लावून, आपल्या ऑफिसच्या वेळी आपल्याच रस्त्यावर चालवून बघा. स्क्रीनवरचा आकडा सहसा पाच-दहा टक्के फुगलेला असतो, तेवढा वजा करा. ओळखीत तीच गाडी कोणाकडे असेल तर टाकी फुल ते टाकी फुल, एकाच पंपावर, पहिल्या कटऑफपर्यंत (नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत) भरून काढलेला आकडा मागा. आणि किती देते हे विचारण्याआधी तो ती कुठे चालवतो, किती वेगाने आणि किती माणसं घेऊन, हे विचारा.